चौथ्या स्लाइडवर अडलेली सहल

चित्रलेखा तारळेकरला लहानपणापासून एक खोड आहे. समोर नवी वस्तू आली की तिचं नाव काय, ती कशाची, कुणी केली आणि अशीच का केली, हे विचारल्याशिवाय तिचा पाय पुढे निघत नाही. इचलकरंजीत तिच्या शाळेच्या वाटेवर एक लोहार होता, एक कासार होता, पुढे यंत्रमागांची रांग होती, आणि या सगळ्यांनी कधी ना कधी तिच्या आईकडे तक्रार केली होती की बाई, तुमची पोरगी डोकं खाते. आई खानावळ चालवायची. हात पिठात, पदर खोचलेला, अशा अवस्थेत ती म्हणायची, विचारू दे की, तुमचं काय झिजतंय.

अशा बाईला देवाने नेऊन टाकलं कुठे, तर जिथे तिला निम्म्या वस्तूंची नावंच ठाऊक नाहीत अशा देशात.

विनय, तिचा नवरा, मेलबर्नच्या क्लेटनमध्ये युनिला, म्हणजे विद्यापीठात, शिकायला आला, शिकून तिथेच चिकटला, पीआर, म्हणजे कायमचं राहायचा परवाना, मिळवला आणि इचलकरंजीला येऊन लग्न करून तिला घेऊन गेला. तो आता सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि आठवड्यातले बरेचसे दिवस घरातल्या घरात कानाला हेडफोन लावून परदेशी असल्यासारखा बसलेला असतो. मुलगी मयूरा तिथलीच. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. चित्रलेखा मराठी माध्यमातली बी.कॉम. तिचं इंग्रजी शाळेत व्याकरणापुरतं होतं, इथे आल्यावर ते गरजेप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी वाढलं. आधी डॉक्टरकडचं, मग मयूराच्या शाळेचं, मग नोकरीचं. जिथे गरज पडली नाही तिथे ते वाढलंच नाही. त्यामुळे ‘अ‍ॅनाफिलॅक्सिस’, म्हणजे जीवघेणी अ‍ॅलर्जी, हा शब्द ती बिनचूक म्हणायची, आणि दाराच्या कडीला काय म्हणतात ते तिला येत नसे.

नोकरी क्लेटनपासून जवळच, एका वृद्धनिवासाच्या स्वयंपाकघरात. तिथे जेवण तीन तऱ्हांनी जातं. धडधाकट दात असलेल्यांना नेहमीसारखं, गिळायला त्रास होणाऱ्यांना बारीक करून ओलसर, आणि अगदीच थकलेल्यांना मऊ लगदा. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये स्टीलच्या चौकटीची एक खिडकी आहे. ताटं तिथून जातात आणि तिथूनच परत येतात. प्रत्येक ताटावर आडनाव लिहिलेली चिठ्ठी असते. चित्रलेखाला त्या घरातली माणसं माहीत होती ती अशी, उष्ट्या ताटांवरून. अमुक बाई बीट बाजूला सारतात. तमुक आजोबा पुडिंग आधी खातात आणि मग भूक नाही म्हणतात. डॉसन नावाचं कुणीतरी होतं, ते सगळं ताट चाटूनपुसून खाई, मात्र भाताच्या दिवशी भाताचा ढीग जसाच्या तसा परत येई. एकदा नाही, दर वेळी. असं का, हा प्रश्न तिला घरी जाताना बसमध्येही सोडत नसे. पण विचारणार कुणाला? खिडकीच्या पलीकडे जायचं तिचं काम नव्हतं.

आणि हे तिला खुपत होतं. नुसतं चौकसपणापायी नव्हे. तिची आई आयुष्यभर चुलीच्या धगीत उभी राहिली. शंभर माणसं तिच्या हातचं जेवून गेली, पण पंगतीत कोण काय बोलतं, कशाला हसतात, हे तिला भिंतीपलीकडून ऐकावं लागलं. ती चित्रलेखाला नेहमी एकच सांगायची, “पोरी, तू चारचौघांत बस. माझ्यासारखी आत बसू नकोस.” आणि लेक साता समुद्रापलीकडे जाऊन बसली ती नेमकी आत, भिंतीला खिडकी होती एवढाच काय तो फरक.

आई गेली ती कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी. ऑस्ट्रेलियाची दारं तेव्हा बंद होती, गेलं तर परत येता येईल याची खात्री नव्हती. दहाव्याला धाकट्या भावाने, चारुदत्तने, पंचगंगेच्या घाटावरून फोनवर सगळं दाखवलं. पिंड ठेवला होता. कावळा समोरच्या पत्र्याच्या कडेला येऊन बसला होता, पण खाली उतरेना. चारुदत्त हात जोडून एकेक कबूल करत होता, खानावळ बंद पडू देणार नाही, तुझ्या धाकट्या नातीचं शिक्षण करीन, अंगणातली तुळस सांभाळीन. कावळा ढिम्म. चित्रलेखाला आतून कळलं की आई कशासाठी अडून बसली आहे. ती बोलायला तोंड उघडते तोच चित्र गोठलं. पुन्हा फोन लागेपर्यंत तिकडे दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून पिंड शिवून घेतला होता आणि माणसं पायऱ्या चढून निघाली होती. दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली. फॅमिली प्रॉब्लेम, एवढंच तिने सांगितलं, आणि ते कुणी पुढे विचारलं नाही.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी, म्हणजे गेल्या हिवाळ्यात, निवासात एक जागा निघाली. ‘लाइफस्टाइल असिस्टंट’. नाव भारी, काम साधं. दुपारी म्हाताऱ्यांना एकत्र बसवायचं, खेळ घ्यायचे, गाणी लावायची, गप्पा मारायच्या. चित्रलेखाने अर्ज केला तेव्हा विनयने हेडफोन काढून विचारलं, की दिवसभर इंग्रजीत बोलावं लागेल, कळतंय ना? तिला कळत होतं. म्हणूनच तर केला होता.

त्या विभागाची प्रमुख डेनीस. उंच, कोरडी, चष्मा केसांत अडकवलेली बाई. तिने चित्रलेखाशी थोडा वेळ गप्पा मारल्या आणि सरळ सांगितलं की तुझं बोलणं कळतं, माणूस म्हणून तू गोड आहेस, पण दर दुसऱ्या वाक्यात तू ‘थिंग’ म्हणतेस. दॅट थिंग, दिस थिंग. इथल्या लोकांना कमी दिसतं, कमी ऐकू येतं. त्यांना वस्तूचं नाव लागतं. चित्रलेखाला राग यायला हवा होता. पण बोलणं खरं होतं, आणि खऱ्या बोलण्याचा तिला राग येत नाही, ही तिची दुसरी खोड.

डेनीसने तिला एक तास दिला. तिकडे ‘आर्मचेअर ट्रॅव्हल’ नावाचा प्रकार असतो. खुर्चीतली सहल. मोठ्या टीव्हीवर एखाद्या देशाची चित्रं लावायची, तिथलं थोडं खायला द्यायचं, वास द्यायचा, हातात काही वस्तू द्यायच्या, आणि चालता न येणाऱ्यांना हिंडवून आणायचं. या महिन्यात म्हाताऱ्यांनी मतं देऊन जपान निवडला होता, शहर नको, जुनं खेडं हवं. चित्रलेखाने तो तास नीट निभावला तर जागा तिची. नाहीतर एजन्सीकडून एक मुलगी येणार होती, जिचं इंग्रजी फर्डं होतं.

त्या रात्रीच चित्रलेखाला यूट्यूबवर एक माणूस सापडला. त्याचा चेहरा कधी दिसत नाही. तो जपानच्या डोंगरांतल्या जुन्या वाटेने नुसता चालतो, मागोमे नावाच्या गावापासून त्सुमागो नावाच्या गावापर्यंत, आणि खाली इंग्रजीत बारीक अक्षरात सांगत जातो. पूर्वी राजधानीला जाणारे लोक याच वाटेने पायी जायचे, दर मुक्कामाला धर्मशाळा होत्या. चित्रलेखा त्याच्या मागोमाग चालायला लागली. बसमध्ये, कणीक भिजवताना, कपड्यांच्या घड्या घालताना. जिथे वस्तू अनोळखी किंवा शब्द अनोळखी, तिथे ती त्याला थांबवायची. बिचारा दर पाच पावलांना थांबत होता.

चढावर दगड बसवलेली वाट होती. कॉबलस्टोन. दगडांच्या फटींत हिरवं शेवाळ. मॉस. वाटेच्या कडेने पन्हळातून पाणी येत होतं आणि एक मोठं लाकडी चाक त्या पाण्यावर गरगरत होतं. वॉटरव्हील. घरांच्या खिडक्यांना उभ्या पट्ट्यांची लाकडी जाळी. लॅटिस. दाराला कडी, लॅच, सापडली एकदाची. छपरं लाकडाच्या पातळ फळ्यांची आणि त्यांवर, ती बघतच राहिली, गोटे ठेवलेले. वाऱ्याने फळी उडू नये म्हणून. इचलकरंजीत त्यांच्या मोरीच्या पत्र्यावर आईने असेच दगड ठेवले होते आणि दर पावसाळ्यात चारुदत्त म्हणायचा, आई, काढ ते, लाज वाटते. हे लोक तर त्याचे फोटो काढायला विमानाने जात होते.

पुढे वाटेवर खांबाला एक घंटा टांगलेली होती. ती वाजवायची, म्हणजे अस्वल असेल तर दूर जाईल. त्याच्या पुढे चहाचं एक जुनं घर. मधोमध जमिनीत चौकोनी चूल, वरून आकड्याला किटली लटकलेली, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तिथे फुकट चहा. हार्थ, असं त्या चुलीचं नाव. चित्रलेखाने तो शब्द मोठ्याने म्हणून पाहिला तर मयूरा आतून म्हणाली, “मम, नोबडी सेज दॅट.” म्हणत नसतील, चित्रलेखा म्हणाली, पण चूल आहे ना, मग तिला नाव नको?

आणि मग गंमत अशी झाली की जपानातले शब्द क्लेटनमध्ये दिसायला लागले. भिंतीबाहेर आलेला छपराचा भाग, आपली वळचण, त्याला ईव्हज म्हणतात हे तिला मागोमेत कळलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाहेर येऊन मान वर करून आपल्याच घराकडे बघत उभी राहिली. विनयला तिने हाक मारून सांगितलं की आपल्या घराला ईव्हज आहेत. विनयला वाटलं गळतंय. तो शिडी घेऊन आला. शेजाऱ्याच्या ड्राइव्हवेवर मॉस होतं, बागेच्या फाटकाला लॅच होता, स्टेशनामागच्या कॅफेच्या भिंतीवर लॅटिस होती आणि तिच्यावर वेल. इतकी वर्षं या रस्त्यावरून ती मुक्यासारखी हिंडत होती. आता प्रत्येक वस्तू जणू हात वर करून हजेरी देत होती, आणि खरं सांगायचं तर या बाईला इतका आनंद पीआर मिळाल्यावरही झाला नव्हता.

तासाची तयारी तिने जिवापाड केली. दहा स्लाइड, प्रत्येक स्लाइडला तिचे शब्द. अस्वलाच्या घंटेसाठी मयूराच्या भरतनाट्यमच्या जुन्या पट्ट्यातले घुंगरू उसवून एकेकाला एक, असे रिबिनीत ओवले. चिकट तांदूळ आणून त्याचे छोटे गोळे केले, ज्यांना गिळता येतं त्यांच्यापुरते. चौथी स्लाइड वाटेवरच्या एका छोट्या देवळाची होती. देवळाला वास हवा. आगीचा नियम कडक, म्हणून उदबत्ती पेटवायची नाही, पण चांगली उदबत्ती न पेटवताही घमघमते. ती उभी कशात करायची, हा प्रश्न मराठी बाईला पडतच नाही. उदबत्तीचं घर नसेल तर केळ्यात नाहीतर तांदळाच्या वाटीत. कच्चे तांदूळ कुणीतरी तोंडात टाकेल, म्हणून तिने भात घेतला. पांढऱ्या वाटीत चिकट भात दाबून भरला, मधोमध उदबत्ती खोवली. दिसायला फार छान दिसत होतं, आणि पडण्याची भीती नाही. वर तिने नॅपकिन झाकून ठेवला.

गुरुवारी आफ्टरनूनला, म्हणजे तिथल्या भाषेत आर्व्होला, बैठकीच्या खोलीत खुर्च्या लागल्या. डेनीस मागच्या भिंतीला टेकून उभी होती. चित्रलेखा पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला, आपल्या ताटांच्या मालकांसमोर उभी होती. तिने घुंगरू वाटले आणि ती म्हणाली, डोंगरात अस्वलं आहेत, वाजवत चला. कीथ नावाचे एक आजोबा होते, पूर्वी सुतारकाम केलेले. त्यांनी घुंगरू असा काही वाजवला की शेजारच्या बाईंनी कानातलं यंत्र बंद केलं.

पहिल्या तीन स्लाइड झकास गेल्या. कॉबलस्टोन आला, मॉस आलं, वॉटरव्हील आलं. छपरावरच्या दगडांवर कीथना शंका होती की खिळे का नाही मारले, आणि चित्रलेखाला उत्तर येत होतं, लाकूड ओलं होऊन फुगतं आणि सुकून आकसतं, खिळ्याने फाटलं असतं. दर थोड्या वेळाने ती डेनीसकडे चोरून बघत होती. एकदाही थिंग म्हणाली नव्हती.

मग चौथी स्लाइड आली. आता देवळाचा वास घ्या, असं म्हणत तिने नॅपकिन काढला आणि वाटी पहिल्या रांगेत नेली. तिथे कोपऱ्यात एक बारीकशी बाई बसली होती, विणलेलं जाकीट, मांडीवर दोन्ही हात. तिने घुंगरू वाजवला नव्हता. चेहऱ्यावरून चित्रलेखाला ती चिनी वाटली होती, क्लेटनमध्ये चिनी पुष्कळ. वाटी समोर येताच त्या बाईंचे हात मांडीवरून उठले आणि हवेतच थांबले. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग चित्रलेखाकडे.

“हू डाइड?” त्या म्हणाल्या.

कोण गेलं? आवाज अगदी स्वच्छ होता. मागून डेनीस पुढे आली आणि हळूच म्हणाली की ही किम, किम डॉसन. किमीए. जपानची आहे, पण तिकडचं बोलत नाही कधी, म्हणून तुला सांगितलं नाही.

डॉसन. भात परत पाठवणारं ताट. चित्रलेखाच्या डोक्यात एकदम इतकं सगळं आलं की तयार केलेली वाक्यं पार सांडली. ती म्हणाली, सॉरी, मला ठाऊक नव्हतं, आमच्याकडे घरी उदबत्ती केळ्यात नाहीतर तांदळात उभी करतात, पडू नये म्हणून, बाकी काही नाही. किमबाईंनी ऐकता ऐकता वाटी आपल्या हातात घेतली. मग तुटक, जुन्या वळणाच्या ऑस्ट्रेलियन इंग्रजीत त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावात भाताच्या वाटीत जेवायची काडी उभी करतात ती फक्त माणूस गेल्यावर. त्याच्या उशाशी ठेवतात. लांबच्या वाटेला निघालाय, खाऊन जाईल म्हणून. जेवताना कुणी पोराने असं केलं तर थप्पड बसते.

कीथनी घुंगरू मुठीत धरला होता. चित्रलेखाने वाटी मागे घ्यायला हात पुढे केला. सहा स्लाइड राहिल्या होत्या, घड्याळ चालू होतं, डेनीस बघत होती.

पण किमबाईंनी वाटी सोडली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, म्हणजे कुणीच गेलं नाही?

इथे ‘नो’ म्हणणं सगळ्यात सोपं होतं. नो म्हणायचं, हसायचं, पाचव्या स्लाइडवर जायचं. चित्रलेखाचं बोट बटणावर गेलंही होतं.

“माय मदर,” ती म्हणाली.

आणि मग ती बोलत गेली. तयारी जपानची केली होती, पण सांगायला लागली ती पंचगंगेचा घाट. दगडी पायऱ्या, स्टोन स्टेप्स, कॉबलस्टोनसारख्या, पावसाने मॉस धरलेल्या. नदी, पलीकडे पूल. भाताचा गोळा, आणि कावळा. तो कुठे बसला होता? समोरच्या खोलीच्या ईव्हजवर. तो शिवला म्हणजे गेलेल्या माणसाचं समाधान झालं, नाही शिवला तर काहीतरी अडलंय, मग घरच्यांनी कबूल करायचं. आईची खानावळ कशी होती ते तिने सांगितलं, ती हार्थ कशी होती, चौकोनी नव्हे, मातीची, लांबट, दोन तोंडांची, आणि आई तिच्यासमोरून कधी उठलीच नाही. मागोमेच्या वाटेवर गोळा केलेले शब्द एकामागून एक येऊन उभे राहत होते आणि त्यांच्यावरून ती इचलकरंजीला चालत गेली. व्याकरण मध्येमध्ये घसरलं. कुणी हसलं नाही. फोन गोठल्याचं सांगताना ती रडली, सरळ सगळ्यांसमोर, आणि पुढच्या रांगेतल्या एका बाईने तिला आपला रुमाल दिला.

किमबाई म्हणाल्या, “माझीही.” मग सगळ्या खोलीसमोर त्यांनी जे सांगितलं, ते त्यांच्या तोंडून तिथे कधी कुणी ऐकलं नव्हतं. कुरे नावाच्या बंदरामागे डोंगरात त्यांचं गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर त्या बंदरावर ऑस्ट्रेलियन सैनिकांचे कपडे धुण्याच्या कामाला गेल्या, तिथे डॉसन भेटला. आईने दारातून निरोप दिला तो शेवटचा. ती गेल्याचं कळलं तेव्हा त्या इथे, मेलबर्नच्याच ओकली भागात होत्या, कडेवर पोर होतं, आणि तिच्या उशाशी वाटी ठेवली की नाही, हे सांगायलाही कुणी उरलं नव्हतं. इथे दुकानातला तांदूळ मोकळा, सुटा. त्यात काडी उभी राहत नाही. कशाला खायचा असला भात, असं त्या म्हणाल्या, तेव्हा चित्रलेखाला इतक्या दिवसांचं उत्तर मिळालं.

नंतर प्रश्नांची नुसती झोड उठली. कीथना कावळ्याचं सगळं समजून घ्यायचं होतं, कुणाला चुलीचं, कुणाला आपल्याच आईबद्दल सांगायचं होतं. भाताचे गोळे फिरले. किमबाईंनी आपला खाल्ला आणि शेजारणीचाही खाल्ला. तास संपला तेव्हा टीव्हीवर अजून ते छोटं देऊळच होतं.

माणसं खोल्यांकडे गेल्यावर डेनीसने रिमोट उचलून टीव्ही बंद केला. म्हणाली, दहापैकी तू चौथ्यावर अडलीस. बाकीचं आपण उद्या बोलू. चित्रलेखाने मान डोलावली. गेली जागा, तिने मनात म्हटलं, आणि खुर्च्या उचलायला लागली.

किमबाई मात्र व्हीलचेअरमध्ये तिथेच होत्या, वाटी मांडीवर. त्यांनी काचेच्या दाराकडे बोट दाखवलं. बाहेर छोटं अंगण होतं, मध्ये विटांचा कट्टा, कुंड्या. चित्रलेखाने त्यांना बाहेर नेलं. थंड वारा होता. किमबाईंनी उदबत्ती हळूच उपसून आपल्या जाकिटाच्या खिशात ठेवली आणि वाटी तिच्या हातात दिली. चित्रलेखाने ती कट्ट्यावर ठेवली. दोघी थोड्या मागे सरून थांबल्या. वळचणीवर एक मॅगपाय पक्षी येऊन बसला होता, अर्धा काळा, अर्धा पांढरा, मान वाकडी करून वाटीकडे बघत. पण उतरेना.

“टेल हर,” किमबाई म्हणाल्या. सांग तिला.

चित्रलेखाने हात जोडले. कुणी ऐकतंय का हे पाहायचं तिला सुचलंही नाही. “आई,” ती मोठ्याने, मराठीत म्हणाली, “हे काम मिळालं नाही तर मी पुन्हा मागेन. तेव्हाही नाही मिळालं तर दुसरीकडे मागेन. पण आत बसणार नाही. तुझी शपथ.”

मॅगपाय उडाला, कट्ट्यावर उतरला, दोन उड्या मारून वाटीजवळ आला. भात चिकट होता. त्याने चोच घातली तशी मूदच्या मूद वर आली आणि ती तशीच घेऊन तो छपरापलीकडे दिसेनासा झाला.

“माझी होती की तुझी?” किमबाईंनी विचारलं. चित्रलेखा म्हणाली, अर्धी अर्धी असेल, रंगावरून तसंच दिसतं. किमबाई हसल्या, तोंडावर हात धरून, एखाद्या मुलीसारख्या.

मागे काचेचं दार सरकलं. डेनीस उभी होती, हातात पुढच्या आठवड्याचं ड्युटीचं पत्रक. ती बराच वेळ आतून बघत असावी. नेहमीच्या कोरड्या आवाजात ती म्हणाली की अंगणात पक्ष्यांना खायला घालायला सक्त मनाई आहे, रोगराईचा नियम आहे, स्वयंपाकघरातल्या माणसाला ठाऊक नसला तर एक वेळ चालेल. “पण सोमवारपासून तू लाइफस्टाइलला आहेस,” ती म्हणाली. “तुला ठाऊक असायला हवा.”

चित्रलेखाने सॉरी म्हटलं आणि वाटी उचलली. आत एक शीतही उरलं नव्हतं.